कल्हई उडालेली गाडी

गेल्या डिसेंबरात सातवीच्या मुलांना 'माझे आवडते शिक्षक' हा निबंध लिहायला दिला होता. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुलं घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू वाचतात आणि मराठी माझ्या तासाला लिहितात. त्यामुळे त्यांचे मराठी निबंध सरळ असतात. अलंकार वापरायला अजून शिकलेली नसतात ना! एका मुलाने माझ्यावर लिहिलं होतं. सहसा असं काही वाचताना मास्तरलोक आतून सुखावतात, तसा मीही वाचायला बसलो. तिसऱ्या-चौथ्या ओळीला थांबलो. त्याने लिहिलं होतं, 'आमचे सर शाळेत येतात तेव्हा आधी गाडीचा आवाज येतो. मग वास येतो. मग सर येतात. सर आम्हाला नेहमी खरे बोलायला शिकवतात.'

मी एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, दहापैकी आठ गुण दिले आणि वही मिटली. पण त्या चार वाक्यांनी मला बरेच दिवस झोपू दिलं नाही. कारण तो आवाज आणि तो वास कुठून येतो, हे त्या मुलाला माहीत नव्हतं. मला अकरा वर्षांपासून माहीत होतं.

आज ती गोष्ट लिहितो आहे.

माझी गाडी फियाट पालिओ, १.६. सन २००३ची, पुणे पासिंग. कागदोपत्री ती काही स्पोर्ट्‌स कार नाही, छोटी पाच दारांची गाडी आहे. पण १५९६ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन आणि शंभर हॉर्सपॉवरची ताकद. त्या काळात आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत असं इंजिन मिळत नव्हतं. सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करायचा. मी तेव्हा बी.एड.ला सांगलीत होतो आणि एका दुकानातल्या टीव्हीवर ती जाहिरात उभ्याने बघायचो. पुढे नोकरी लागली, शिक्षणसेवकाची वर्षं मानधनावर काढली, पूर्ण पगार सुरू झाला आणि २००९ साली मी ती गाडी सेकंडहँड घेतली. आमच्या सात पिढ्यांतली पहिली चारचाकी. पेट्रोल प्यायची भरपूर, पण यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये जी चढायची, त्याला तोड नव्हती. माझ्यासाठी तीच स्पोर्ट्‌स कार.

२०१२च्या पावसाळ्याआधी गाडी मिसिंग मारायला लागली. एक सिलिंडर मधूनच चुकायचा. प्लग आणि इग्निशन कॉइल बघायला हवी होती. मी म्हटलं, पुढच्या पगाराला बघू. तीन-चार महिने तसाच चालवत राहिलो. मग एके दिवशी त्याच यवतेश्वरच्या घाटात गाडीने मान टाकली. ॲक्सिलरेटर दाबला तरी पुढे जाईना, जणू कुणी मागून धरलंय. पायाखालचा पत्रा तापला होता.

गॅरेजातल्या मेस्त्रीने गाडीखाली जाऊन एक डबा हाताने ठोकला. आतून खुळखुळ आवाज आला. "सर, कॅट चोक झालाय."

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. हा प्रकार मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला, म्हणून वाचकांनाही थोडक्यात सांगतो. इंजिनातून निघालेला धूर सायलेन्सरकडे जाताना वाटेत एका स्टीलच्या डब्यातून जातो. त्या डब्यात चिनीमातीसारख्या पदार्थाची एक वीट असते. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, आरपार बारीक नळ्यांची. एका चौरस इंचात साधारण चारशे नळ्या. त्या नळ्यांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा खरखरीत लेप असतो आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचे सूक्ष्म कण असतात. सगळे मिळून काही ग्रॅमच. पण लेप इतका खडबडीत, की त्याचा पृष्ठभाग उलगडून पसरला तर फुटबॉलचं मैदान पुरणार नाही. डबा अडीचशे-तीनशे अंशांवर तापला की काम सुरू करतो. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन होतो. डबा धडधाकट आणि गरम असेल तर या तिन्ही विषांचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग तिथेच संपतो. आणि हे सगळं करून ते धातू जसेच्या तसे राहतात. विज्ञानाच्या मराठी पुस्तकात त्याला उत्प्रेरक म्हणतात. उर्दूत अमल-अंगेज़, म्हणजे अमल घडवून आणणारा. मला उर्दू शब्द जास्त आवडतो, कारण त्यात काम करणाऱ्याचा मान आहे.

माझ्या गाडीत काय झालं होतं? चुकणाऱ्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने त्या डब्यात जात होतं आणि तिथे पेटत होतं. त्या आचेने वीट वितळली, नळ्या बुजल्या. धुराला वाट राहिली नाही, म्हणून इंजिनाचा श्वास कोंडला. दोष गाडीचा नव्हता, 'पुढच्या पगाराला बघू' म्हणणाऱ्याचा होता.

मेस्त्रीने दोन रस्ते सांगितले. नवा कॅट मागवायचा, पंचवीस हजारांच्या पुढे जाईल आणि महिना लागेल. नाहीतर, "आतलं पोळं फोडून काढतो सर. पाचशे रुपये. डबा तसाच राहील, बाहेरून कुणाच्या बापाला कळणार नाही. आणि पिकअप बघा मग."

मी विचार करायला फार वेळ घेतला असं सांगितलं तर खोटं होईल. चहा संपायच्या आत 'फोडा' म्हणालो.

त्याने डबा उतरवला, उभा धरला आणि पहारीने आतली वीट फोडली. राखाडी तुकडे, खूप धूळ. त्याने तोंडाला रुमाल बांधला होता. तुकडे एका गोणपाटात भरताना म्हणाला, "हा कचरा मी टाकतो सर, तुम्ही कशाला त्रास घेता?" मला त्याच्या चांगुलपणाचं कौतुक वाटलं.

गाडी सुरू केली आणि आवाजच वेगळा! भरदार, खर्जातला. घाटात परत तशीच पळायला लागली. मी सगळ्यांना सांगत सुटलो की कॅट काढल्यावर ताकद वाढते. पुढे कळलं की तसं काही नसतं. बुजलेला अडथळा गेला म्हणून गाडी मूळ ताकदीवर आली होती. चांगल्या स्थितीतला कॅट अशा गाडीची जेवढी ताकद खातो, ती चालवणाऱ्याला कळतही नाही. नवा बसवला असता तरी ती तशीच पळाली असती. पण तो आवाज नसता आला. खरं सांगायचं तर मला आवाजाचंच वेड लागलं होतं.

त्याच वर्षी जुलैत पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यात आमचं कास पठारही होतं. सप्टेंबरात पाहुण्यांना फुलं दाखवायला मी त्याच गाडीने वर गेलो. फुलांवर पाय देऊ नका, असं मुलांना दटावलं. गाडी शंभर पावलांवर उभी होती.

त्याच सुमारास मिरजेला घरी गेलो. साताऱ्याहून कराड, मग पेठ नाक्याला महामार्ग सोडायचा आणि आष्ट्यावरून सांगली-मिरज. सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. वाटभर त्या आवाजाची मजा घेत गेलो. अब्बा ओट्यावर बसले होते. गाडी गल्लीत शिरायच्या आधीच ते उठून उभे राहिले होते.

अब्बा कल्हईवाले. मिरजेत सतारमेकरांचं नाव सगळ्या जगात आहे. त्यांचे पूर्वज शिकलगार होते, हत्यारं घडवायचे, हत्यारांचा जमाना सरताना वाद्यांकडे वळले आणि तरले. आमच्या कल्हईला असं वळण मिळालं नाही. स्टीलची भांडी आली आणि धंदा हळूहळू विझला. पण माझ्या लहानपणी अब्बांचा भाता रोज पेटायचा. नव्या पिढीतल्या वाचकांनी कल्हई पाहिली नसेल. पितळेचं भांडं निखाऱ्यावर तापवायचं, नवसागराची भुकटी टाकायची, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेलं कथील भांड्याच्या आतून फिरवायचं. दोन-तीन हात मारले की काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. थर नखाने कोरता येणार नाही इतका पातळ. पण तो असेल तर पातेल्यात ताक ठेवता यायचं, चिंचेची आमटी करता यायची. कल्हई उडाली की तेच ताक कळकायचं. मग पोटात कळा आणि उलट्या.

मी अब्बांना गाडीचं सांगितलं. उत्साहाने सांगितलं. डबा कसा असतो, धातूचा पातळ लेप कसा असतो, विषाचं पाणी कसं होतं, आणि ते सगळं पाचशे रुपयांत कसं काढून टाकलं. मास्तर असल्याने समजावून सांगायची सवय. अब्बांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मतलब, कल्हई काढ डाल्या तू?"

मी हसलो. म्हटलं, तसंच काहीसं.

ते हसले नाहीत. विषय बदलला, जेवलास का विचारलं. अब्बांचा स्वभावच तसा. गिऱ्हाइकाशी भांडायचे नाहीत. पण मला त्यांची एक गोष्ट आठवली आणि मी ती मुद्दाम विसरलो. लग्नसराईत मोठी पातेली आली की काही कारागीर फक्त दिसणाऱ्या भागावर, काठाला आणि वरच्या बाजूला, कथील नीट फिरवायचे आणि तळाला हात आखडता घ्यायचे. कथील महाग, तळ कोण बघतो? अब्बा तळापासून सुरुवात करायचे. म्हणायचे, काठ लोक बघतात, तळ पोटाला लागतो.

यानंतर अकरा वर्षं मी ती गाडी तशीच चालवली.

कायद्याचं काय, असं कुणी विचारेल. कायदा होता आणि आहे. १ एप्रिल १९९५पासून मुंबई, दिल्ली, मद्रास आणि कलकत्ता या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. तो बसवायचा तर पेट्रोल शिसेविरहित हवं, कारण शिसं त्या लेपावर बसलं की लेप कायमचा निकामी होतो. त्यामुळे त्या शहरांत शिसेविरहित पेट्रोलही त्याच वेळी आलं. देशभर सगळं पेट्रोल शिसेविरहित व्हायला १ फेब्रुवारी २००० उजाडला. मधल्या पाच वर्षांत मुंबईची गाडी गावी आणून साध्या पंपावर टाकी भरली की कॅटचा निकाल लागायचा. म्हणजे या डब्यामुळे पेट्रोलमधलं शिसंसुद्धा गेलं. स्वतःच्या कामासाठी त्याने स्वच्छ पेट्रोल मागितलं आणि फायदा सगळ्या मुलांच्या मेंदूंना झाला. हे वाचलं तेव्हा त्या राखाडी तुकड्यांबद्दल मला पहिल्यांदा थोडा आदर वाटला. फोडून झाल्यावर.

पीयूसीचा नियमही आहे. माझ्या गाडीसारख्या भारत स्टेज दोनच्या पेट्रोल गाडीच्या धुरात, इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड अर्ध्या टक्क्याच्या वर जाता कामा नये. त्याआधीच्या जुन्या गाड्यांना तीन टक्के चालतो. हा सहापट फरक त्या डब्याच्या भरवशावर ठेवलेला आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचं हे कलम मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मला कधी एक रुपयाही दंड झाला नाही. रस्त्याकडेच्या एका पीयूसीवाल्याकडे जायचो. तो गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढायचा, नळी पुंगळीत घालायचा की नाही ते मी बघायचो नाही. आकडे छान छापून यायचे. मी पैसे द्यायचो आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता सलाम-दुआ करायचो.

२०१८ साली गाडीला पंधरा वर्षं झाली. नोंदणीचं नूतनीकरण करावं लागलं. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर भरावा लागतो, तोही भरला. पावती अजून आहे. पर्यावरणासाठी पैसे भरल्याची पावती एका पोकळ डब्याच्या गाडीच्या फाइलमध्ये, त्या पीयूसीच्या शेजारी लावलेली. वर्गात मी मुलांना विरोधाभास अलंकार शिकवतो. याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

अब्बा २०१९ साली गेले. गाडीबद्दल त्यांनी पुन्हा एक शब्द काढला नव्हता.

मग लॉकडाऊन संपून शाळा सुरू झाल्या. आमच्या शाळेची बरीच मुलं एका इको गाडीतून येतात. चालक आमच्याच मोहल्ल्यातला, मुलांना चाचा. एके सकाळी ती इको ट्रॅक्टरसारखी धडधडत आली. मुलं आत टाळ्या पिटत होती. चाचा मात्र रडकुंडीला आलेला. रात्री दारातून सायलेन्सर चोरीला गेला होता.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांत अशा बातम्या सारख्या येत होत्या. इकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या. गाडी जमिनीपासून उंच, खाली शिरायला सोपं, काही मिनिटांत बोल्ट काढून पसार. चोरांना सायलेन्सर नको असतो, आतली 'माती' हवी असते. ती माती म्हणजे तेच पोळं. २०२१च्या सुरुवातीला जगाच्या बाजारात ऱ्होडियमचा भाव औंसाला पंचवीस हजार डॉलरच्याही वर गेला होता. सोन्याचा तेव्हा दोन हजारांच्याही आत होता. वाचलं तेव्हा त्या मेस्त्रीचं गोणपाट डोळ्यांसमोर आलं.

बी.एड.चा माझा एक वर्गमित्र विट्याकडचा. अनुदानित शाळेत जागा मिळाली नाही म्हणून काकांच्या गलाईच्या दुकानात दक्षिणेत गेला आणि तिथेच रमला. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली ही माणसं देशभर पसरली आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं हे त्यांचं काम. यात्रेला गावी आला होता तेव्हा भेटला. मी त्याला तो किस्सा सांगितला. म्हणाला, "आमच्या भट्टीत हे होत नाही. सोनं हजार चौसष्ट अंशांना वितळतं, प्लॅटिनमला सतराशे अडुसष्ट लागतात. आणि हे तर मातीला चिकटलेलं. त्याचे कारखानेच वेगळे." मग हसला. "पण एक सांगू? सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा कुणी फेकत नाही, झारेकरी विकत घेतो. तुझ्या मेस्त्रीने फेकला असेल असं वाटतं का तुला?"

म्हणजे पाचशे रुपये मीच दिले होते आणि मालही मीच दिला होता. पण मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. मला वाईट वाटलं ते चाचाचं. नव्या सायलेन्सरचा खर्च त्याच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईएवढा. त्याने साधा पाइप आणि स्वस्तातला डबा वेल्ड करून घेतला. कॅट नाही. सहामाही संपायच्या आत मुलांच्या आया तक्रार करायला लागल्या की गाडीत पेट्रोलचा वास येतो, पोरांची डोकी दुखतात. मुख्याध्यापकांनी मला सांगितलं, "तुम्हाला गाड्यांतलं कळतं. तुम्ही बोला त्याच्याशी."

मी बोलायला गेलो. चाचाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, माझा तर चोरांनी नेला." एवढंच. पुढचं वाक्य त्याने अदबीने गिळलं. गाड्या चालवणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या गाडीचा आवाज ओळखू येतो. मी तसाच परत आलो आणि मुख्याध्यापकांना सांगितलं, बोललो आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी तो निबंध आला.

शाळेच्या फाटकाशी सकाळी काय होतं ते मी मग नीट बघितलं. मुलं येईपर्यंत मी गाडी चालू ठेवून आत बसायचो, गाणी ऐकत. थंड कॅट असाही काम करत नाही आणि माझ्याकडे तर गरम होणारा कॅटच नव्हता. मागची पुंगळी जमिनीपासून फूटभर उंच. पाचवीचं पोर दप्तर घेऊन मागून गेलं की त्याचं नाक माझ्यापेक्षा पुंगळीच्या कितीतरी जवळ. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या आधी जाऊन चिकटतो. त्या मुलाला जो वास आला तो न जळलेल्या पेट्रोलचा. म्हणजे त्याने लिहिला त्यापेक्षा जास्त हिशेब लिहायचा राहिला होता.

मे महिन्याच्या सुट्टीत गाडी मिरजेला नेली. तिथल्या एका गॅरेजवाल्याला सगळं खरं सांगितलं. त्याने आधी खरी मोजणी केली. कार्बन मोनॉक्साइड १.८ टक्के. हवा होता ०.५. मी म्हटलं, नवा कॅट बसव. तो म्हणाला, आधी इंजिन बघू, नाहीतर नवाही मारून टाकाल. बरोबरच होतं. ज्याने पहिला मारला ते दुखणं तसंच असेल तर दुसरा किती टिकणार? चारही प्लग आणि कॉइल बदलली. इंजिन ऑइल पीत नाही ना ते तपासलं, कारण ऑइलमधलं फॉस्फरसही जळून त्या लेपावर बसतं. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर म्हातारा झाला होता, तोही नवा घातला. मग इंजिनाच्या सीसीला साजेसा बाजारातला कॅट आणला. त्याच्यावर बाण असतो, धुराच्या दिशेने बसवायचा. मूळ जागीच बसवला. इंजिनापासून लांब नेला तर लवकर तापत नाही. सांधे वेल्ड करून साबणाच्या पाण्याने गळती बघितली. सेन्सरच्या आधी कुठे फट राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. शेवटी त्याने एक ताकीद दिली. "सर, उसाच्या फडाकडे गेलात तर पाचटावर गाडी उभी करू नका. हा डबा आता तापणार आहे. पूर्वी तापत नव्हता."

सगळे मिळून वीस हजार झाले. गाडी विकली तर साठ येतील. मेव्हणा म्हणाला, वेडेपणा आहे. असेल.

पुन्हा नळी घातली. या वेळी मी शेजारी उभं राहून बघितलं. ०.०६. परतीच्या वाटेवर गाडी गप्प होती. पिकअप तसाच. अकरा वर्षं ज्या आवाजाला मी ताकद समजत होतो, तो गेला आणि घाट तसाच चढला. मिरजेच्या घराच्या माळ्यावर अब्बांचा भाता अजून आहे, चामडं फाटलेला. निघायच्या आधी वर जाऊन तो बघून आलो. का, ते सांगता येणार नाही.

दिवाळीआधी नोंदणीचं दुसरं नूतनीकरण झालं. फी तोवर सहाशेची पाच हजार झाली होती. पर्यावरण करही पुन्हा भरला. या वेळी फाइलमधले दोन्ही कागद एकमेकांशी खरं बोलत होते.

पण त्याने अकरा वर्षांचं काही होत नाही. साठ हजार किलोमीटरच्या वर चालली गाडी तशी. तो धूर कुठे गेला? यवतेश्वरच्या झाडांत, कासच्या पठारावर, शाळेच्या फाटकाशी. भांडं परत कल्हई करता येतं, पण कळकलेलं ताक ज्याने प्यायलं त्याला काय सांगणार?

आणि चाचाची इको अजून तशीच येते. मागच्या आठवड्यात त्याने मला विचारलं, "सर, तुमच्या गाडीचा आवाज गेला. केवढ्याला पडलं?" मी आकडा सांगितला. त्याने मान हलवली. त्याच्याकडे बावीस मुलं दोन फेऱ्यांत येतात. प्रत्येक घराने वर्षभर महिन्याला ऐंशी-नव्वद रुपये जास्त दिले तर काम होईल. हिशेब सोपा आहे. पण त्यातल्या कितीतरी घरांना नव्वद रुपयेही सोपे नाहीत. हे पालकसभेत मांडायला हवं आणि मांडणारा मीच. आधी मदत माझ्यापासून सुरू करीन, ते अवघड नाही. अवघड दुसरंच आहे. पालक विचारतील, सर, इतके दिवस का नाही बोललात? आणि पहिल्या बाकावर तो सातवीतला, आता आठवीत गेलेला मुलगा त्याच्या अम्मीबरोबर बसलेला असेल. त्याने लिहिलं आहे की सर आम्हाला नेहमी खरे बोलायला शिकवतात.

सभा येत्या शनिवारी आहे. उभं राहून सांगायच्या आधी एकदा इथे लिहून बघितलं.